दोरीचं दुसरं टोक

मनाली कांबळेचा धंदा ऐकला की लोक आधी हसतात आणि मग नकळत वर बघतात. ती आकाशात लिहिते. पाठीवर पंख्याचं इंजिन, डोक्यावर पॅरामोटरचं फुगलेलं कापड, कमरेशी धुराच्या तेलाची टाकी आणि अंगठ्याखाली एक बटण. बटण दाबलं की तापलेल्या नळीवर तेल गळतं आणि मागं पांढरा धूर सुटतो. बोट उचललं की थांबतो. एवढ्या भांडवलावर ती कुणाचा वाढदिवस, कुणाचं लग्न, कुणाच्या दुकानाचं उद्घाटन हवेत उमटवते. हवा शांत असली तर अक्षरं दहा मिनिटं टिकतात, मग विरून जातात. दहा मिनिटांसाठी एवढा खटाटोप कोण करेल, असं तुम्ही म्हणाल. पण कोल्हापूरला हौसेचं काही सांगावं लागत नाही. डिसेंबर-जानेवारीत या पोरीला जेवायला फुरसत नसते.

या कामाची खरी गोम वेगळीच आहे. लिहिणाऱ्याला आपलं लिहिलेलं वाचता येत नाही. अक्षरं हवेत रांगोळीसारखी आडवी पडतात आणि वाचणारा असतो खाली, मान वर करून. त्याला सुलटं दिसायचं तर वरच्यानं उलटं लिहावं लागतं. मनाली हे कुठल्या शाळेत शिकली नाही. तिचे वडील भाऊसो कांबळे चाळीस वर्षं पेंटर होते. दुकानाच्या काचेवर आतल्या बाजूनं नाव लिहायचं म्हणजे सगळं उलटं, आणि भाऊसो ते गप्पा मारत लिहायचे. पोरगी सहा वर्षांची असल्यापासून शेजारी बसून बघत आलेली.

बिद्रीच्या दूध डेअरीपासून आजऱ्याच्या काजू व्यापाऱ्यांपर्यंत अर्ध्या जिल्ह्याची नावं भाऊसोंच्या हातची. मग फ्लेक्स आला आणि ब्रश वाळले. काही वर्षं ते नुसते बसून होते, आणि नुसता बसलेला पेंटर घरातल्या माणसांना फार जड जातो. पोरगी कामशेतला जाऊन उडायला शिकून आली तेव्हा त्यांना पुन्हा काम मिळालं. पेठ वडगावच्या अलीकडच्या माळावर वॉकीटॉकी घेऊन उभं राहायचं आणि खालून वाचून सांगायचं. "मनू, शेपटी आखूड पडली, वाढीव. काना वाकडा जातोय, डावीकडं घे." सोबत पिराजी. हा त्यांचा जन्माचा जोडीदार, दोरीच्या दुसऱ्या टोकाचा माणूस.

दोरीचं सांगायला हवं. पाटी रंगवण्याआधी सरळ रेघ लागते. पेंटर लोक सुताची दोरी निळीत घोळवतात आणि दोघं दोन टोकं धरून भिंतीला ताणतात. लांबच्या टोकाचा माणूस दोन हिसके देतो, म्हणजे धरलंय, तयार? जवळचा एक हिसका देतो, म्हणजे तयार. मग दोरी मधोमध चिमटीत उचलून सोडायची. टण् असा आवाज होतो आणि भिंतीवर निळी रेघ उमटते, फूटपट्टीला लाजवेल अशी. भाऊसो आणि पिराजी अशा रेघा मारत म्हातारे झाले.

आणि त्यांच्या धंद्यात एक रिवाज होता. नाव अर्धं ठेवून घरी जायचं नाही. रंग संपला, दिवस मावळला, पाऊस आला, काहीही होवो, उरलेली अक्षरं निदान खडूनं तरी आखून ठेवायची.

तर त्या जानेवारीत भाऊसोंना सत्तर वर्षं पूर्ण होत होती. कागदावर त्यांचा जन्म एक जूनचा, त्यांच्या पिढीतल्या निम्म्या माणसांसारखा. खरा जन्म ऊसतोडीच्या थंडीतला, एवढंच त्यांची आई सांगायची. मनालीनं आपल्या सोयीनं एक रविवार ठरवला. ज्या माणसानं हजारो नावं लिहिली त्याचं स्वतःचं नाव कुठल्याच पाटीवर नव्हतं. घराच्या दारावरसुद्धा नव्हतं, कारण लोहाराच्या घरी विळा बोथट, तसंच हे. ते नाव आकाशात लिहायचं असं तिनं आईला तेवढं सांगितलं होतं.

पण त्याच सकाळी एका सराफाची जाहिरात होती. सराफाला व्हिडिओ पसंत पडेना, म्हणून त्याचं नाव दोनदा लिहावं लागलं. मग ती माळावर आली, वर चढली आणि वॉकीटॉकीवर म्हणाली, "आप्पा, आता काय लिवतोय ते वाचा." कोल्हापूरच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना करतो, जातो असंच म्हणतात.

खालून भाऊसो वाचू लागले. "भा... ऊ..." आणि त्यांचा आवाज थांबला. आपलं नाव वर उमटताना बघून त्या माणसाला बोलवेना. पिराजी शेजारी हसत होता.

तिसऱ्या अक्षराला मनालीनं बटण दाबलं आणि धूर आला नाही. टाकी कोरडी पडली होती. सराफाच्या दुसऱ्या नावानं सगळं तेल खाल्लं होतं.

ती उतरली तेव्हा भाऊसोंचा चेहरा उतरलेला होता. "नाव पुरं कर, मनू."

"तेलाचा कॅन घरी ऱ्हायलाय, आप्पा. आणून परत चढेपतोर वारं सुटंल."

"मग संध्याकाळी वारं पडल्यावर कर. पर आज कर."

"संध्याकाळी सराफाकडं बोलावलंय. उद्या सकाळी करतो की." तिनं हसून त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "तुम्हीच शिकवलंय न्हवं, आपल्यात असलं काय मानत न्हाईत म्हणून?"

भाऊसो विहारात नेमानं जाणारे, भूतखेत म्हटलं की उसळणारे माणूस. ते जरा ओशाळले. "मानत न्हाईच. पर धंद्याचा रिवाज हाय त्यो," एवढं म्हणाले आणि पुन्हा वर बघू लागले. वर दोन अक्षरं होती आणि तिसऱ्याची जागा रिकामी होती.

संध्याकाळी सराफाकडून परत येताना पंचगंगेच्या पुलावर मनालीनं गाडी थांबवली. दिवसभर वारं होतं. उसाची शेतं आडवी होत होती, गुऱ्हाळांचा धूर जमिनीवरून फरपटत निघाला होता. आणि वडगावच्या अंगाला, मावळत्या उजेडात, तिची दोन अक्षरं जशीच्या तशी होती. कड फुटली नव्हती. सकाळी जिथं होती तिथून हाललीसुद्धा नव्हती. नऊ तास झाले होते. हवेत दमटपणा असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि घरी हा विषय काढला नाही. हे तिचं चुकलंच. पण चूक होत असताना ती चूक वाटत नाही, म्हणून तर माणूस ती करतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताना भाऊसो अंथरुणातून उठायला गेले आणि उजव्या अंगावर कोसळले. उजवा हात, उजवा पाय, अर्धं तोंड, सगळं गेलं होतं. वाचाही गेली.

दवाखान्यात डॉक्टरांनी मेंदूतली रक्ताची गाठ दाखवली. वय, रक्तदाब, थंडी, सगळी कारणं रीतसर होती आणि मनालीला ती पटत होती. बापाचं अर्धं अंग आणि अर्धं नाव यांची सांगड घालणारा विचार तिच्या मनात आला तेव्हा तिनं तो झुरळ झटकावं तसा झटकला. वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर होता आणि भाऊसोंची खाट खिडकीपाशी. खिडकीतून वडगावच्या बाजूचं आभाळ दिसत होतं. अक्षरं तिथं होती.

"मनू," चिमणाबाई, म्हणजे तिची आई, दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी दुपारी हळूच म्हणाली. "काल दोन अक्षरं हुती न्हवं? आज फुडं कायतरी हाय बग."

ऊच्या पुढं एक वळण उमटलं होतं. बारीक, पांढरं, एखाद्यानं ब्रश नुकता टेकवावा तसं.

पाणी बदलायला आलेली सिस्टर म्हणाली, "विमानाचा धूर असंल, मावशी." मनालीनं मान डोलावली. विमानाचा धूर असा वळत नाही, हे तिच्याइतकं त्या वॉर्डात कुणाला ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ते वळण वाढलं होतं आणि त्याला गाठ पडली होती. त्या दिवशी भाऊसोंचा श्वास घरघरू लागला. डॉक्टर बाहेर बोलावून म्हणाले, दुसरी गाठ सरकतेय असं वाटतंय, पुढचे दोन दिवस जपायचे. भाऊसो डाव्या हातानं चादरीवर काहीतरी गिरवत होते. मनाली वाकून बघत राहिली. ते एक रेघ ओढत होते, डावीकडून उजवीकडे, पुन्हा पुन्हा.

पिराजी थर्मासमधून चहा घेऊन आला होता. तो खिडकीत उभा राहून बराच वेळ वर बघत होता. म्हाताऱ्याची नजर अजून घारीची. मग तो मनालीला जिन्यापाशी घेऊन गेला.

"आजऱ्याला एक काजूवाला हुता," तो म्हणाला. "पाटी करायला गेलतो मी आणि तुझा बा. तवा आमी नवीन. पाच अक्षरातली तीन झाली आणि एस्टी चुकंल म्हणून तशीच सोडून आलो. सकाळी जाऊन बगतोय तर नाव पुरं."

"मालकानं दुसरा कोण पेंटर लावला असंल."

"आमाला बी तसंच वाटलं. रंग आमच्या डब्यातला न्हवता. हात आमचा न्हवता. आणि..." पिराजीनं घसा साफ केला. "त्या अक्षरांची वळणं उलटी हुती. काचंच्या मागनं पाटी बगावी तशी. मालक खाली उभा ऱ्हाऊन ते वाचायला लागला, आणि वाचता वाचता बसला, त्यो उठलाच न्हाई. तवापास्नं तुझ्या बानं एक नाव अर्धं ठेवलं न्हाई."

पिराजीनं मान खिडकीच्या दिशेनं वळवली.

"ते वरचं बगितलंस का नीट? त्या ‘सो’चं वळण कुठल्या अंगाला हाय?"

तिनं खिडकीशी जाऊन पाहिलं. तिची दोन अक्षरं सुलट होती. नवं अक्षर उलटं पडत होतं. तिनं पन्नासदा डोळे चोळले तरी ते उलटंच राहिलं.

पोरगी घाबरली. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पाच मिनिटं ती जिन्यावर बसून राहिली. मग ती उठली, तोंडावर पाणी मारलं आणि आईपुढं येऊन उभी राहिली.

"आई, मी भूत मानत न्हाई. पर काम अर्धं ऱ्हायलंय ते माझंच. माझ्या बापाचं नाव दुसरं कोण पुरं करायचं न्हाई."

चिमणाबाईनं नवऱ्याच्या कपाळावरचा हात काढला नाही. "मग मला काय इचारतीस? जा, आणि पुरं करून ये. मी हितं बसलोय."

चौथ्या दिवशी उजाडायच्या आत मनाली आणि पिराजी माळावर पोचले. दव पडलं होतं, गवत बोचत होतं, खालच्या गावांवर धुक्याची गोधडी पसरलेली. वारं नव्हतं. तिनं टाकी काठोकाठ भरली, बूच दोनदा तपासलं. पिराजीनं वॉकीटॉकी दोन्ही हातांत धरली होती, देवघरातली वस्तू असावी तशी.

"दादा, वाचता येईल न्हवं?"

"पोरी, तुझ्या बाची अक्षरं मी अंधारात वाचलीत. तू जा."

ती पळत सुटली आणि कापड फुगून डोक्यावर आलं. पाय सुटले. पाचशे फुटांवर धुकं खाली राहिलं, हजारावर पूर्वेला तांबडं फुटू लागलं. आणि तिथं तिला पहिल्यांदा तो वास आला. टर्पेंटाइनचा. लहानपणी आप्पा घरी यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला यायचा तसला, पण शिळा, बंद डब्यात वर्षानुवर्षं कोंडलेला.

तिची स्वतःची अक्षरं समोर आली. चार दिवसांची अक्षरं. ती कडेनं गेली तेव्हा पंख्याच्या झोतानंही त्यांची कड हालली नाही. ती कायम उलट दिसायची तशीच तिला उलट दिसत होती. ते बरोबरच होतं.

मग तिनं तिसऱ्या अक्षराकडं पाहिलं आणि तिचा अंगठा बटणावरून घसरला.

ते तिला वाचता येत होतं. सरळ, सुलट, वळणदार, शाळेच्या फळ्यावर असावं तसं. खालून उलटं दिसणारं ते अक्षर वरून सुलटं होतं. म्हणजे ज्यानं कुणी ते लिहायला घेतलं होतं त्यानं ते खालच्यांसाठी लिहिलंच नव्हतं. वाचणारा वर होता.

मनालीनं डोकं वर करून पाहिलं नाही. कापडाच्या वर काय आहे हे बघायचं नाही, असं तिनं त्या क्षणी ठरवलं, आणि ते तिनं शेवटपर्यंत पाळलं.

"मनू..." कानात पिराजीचा आवाज आला. "वाढतंय गं ते. आत्ता, माझ्या डोळ्यांदेखत. स झालाय. काना सुरू झालाय..."

तिलाही दिसत होतं. पांढरा दोरा पुढं सरकत होता. पुढं यंत्र नाही, पक्षी नाही, आवाज नाही. घाईसुद्धा नाही. चांगला पेंटर हात चालवतो तसा निवांत. काना आणि मात्रा झाली की नाव पुरं होणार होतं. आणि तिकडं तिसऱ्या मजल्यावर घरघरणारा श्वास...

चुकलेलं अक्षर पुसत बसायचं नाही, असं आप्पा सांगायचे. पुसायला गेलं की डाग पसरतो. वरून आपलं अक्षर दाबून घालायचं. तिनं कापड खाली झुकवलं, इंजिन ओरडेपर्यंत वेग दिला आणि त्या पांढऱ्या दोऱ्याच्या मधोमध घुसली.

आत गारठा होता. नुसता गारठा नव्हे, ओल्या भिंतीला गाल लावावा तशी ओल होती. वरचं कापड क्षणभर सैल पडलं, दोऱ्या लोंबल्या. ती दगडासारखी खाली आली. मग कापडानं पुन्हा हवा धरली आणि तिनं दात आवळून बटण दाबलं. धूर सुटला. तिचा धूर, तिच्या तेलाच्या वासाचा.

"उजवीकडं वळण घे," पिराजी ओरडत होता. "बास. आता गाठ. खाली. खाली. आता काना, सरळ... सरळ घे मनू, त्यो शेजारनं येतोय..."

तिनं काना ओढला. शेजारून तो दुसराही काना येत होता, तिच्या खांद्यापासून हातभर अंतरावर, आणि तो वास इतका दाटला की डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. तिनं बटण सोडलं नाही. "माझ्या बापाचं हाय," ती म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात तिचं तिलाच ऐकू येत नव्हतं, तरी म्हणत होती. "माझ्या बापाचं हाय. माझ्या हातचं हाय." काना झाला. वळून ती मात्रेवर आली. मात्रा झाली तेव्हा शेजारचा दोरा जिथल्या तिथं थांबला होता. मग पावसात चुना धुवून जावा तसा तो हळूहळू उतरू लागला.

"भाऊसो," पिराजीनं वाचलं. "भाऊसो झालं गं. सुलटं झालं. आता वरची रेघ मार आणि उतर."

पाटीवर रेघ आधी मारतात आणि अक्षरं मागून लिहितात. आकाशात उलटं असतं, अक्षरं हालतात म्हणून शिरोरेघ शेवटी. तिनं लांब वळसा घेतला, सुरुवात धरली, बटण दाबलं. हातभर धूर निघाला आणि संपला. पुन्हा दाबलं. काही नाही. त्या दाबून लिहिण्यात काठोकाठ भरलेली टाकी रिती झाली होती.

पुन्हा अर्धंच. इतकं वाईट तिला बापाला स्ट्रेचरवर घालतानाही वाटलं नव्हतं. तिनं इंजिन मंद केलं आणि नुसती तरंगत राहिली.

त्या शांततेत तिला तो आवाज आला.

टण्.

तिच्या लहानपणातला आवाज. भिंतीवर ताणलेली दोरी सोडल्याचा, पण केवढ्या दोरीचा. आभाळाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तो घुमला. आणि भाऊसो या नावाच्या डोक्यावरून एक पांढरी रेघ एका दमात उमटली. जराही थरथर नाही. पॅरामोटरनं अशी रेघ मारता येत नाही, कुणालाच येत नाही.

"मनू," पिराजी म्हणाला. तो रडत होता. "ही तुझ्या बाची रेघ हाय गं."

तीही रडली. काचेच्या चष्म्याआड डोळे पुसता येत नव्हते, तरी रडली. आप्पांनी हात दिला, असंच तिला वाटलं, आणि त्या घटकेला ती काय मानते आणि काय मानत नाही याची तिला पर्वा नव्हती.

"जरा लांब गेलीय," पिराजी नाक ओढत पुढं म्हणाला. धंद्याची सवय, दुसरं काय. "नाव संपलं तरी रेघ फुडं गेलीय. आणि तीन अक्षरं मावतील एवढी. असूदे, चालतंय की. ये खाली."

ती उतरेपर्यंत नाव विरू लागलं होतं, रोजच्या धुरासारखं. कड फुटली, अक्षरं फिसकटली, आभाळ निळं झालं. रेघ तेवढी मागं राहिली होती. पण कापड गुंडाळण्याच्या घाईत त्या दोघांनी तिकडं लक्ष दिलं नाही. चिमणाबाईचा फोन आला होता.

भाऊसो बोलले होते.

वॉर्डात पोचले तेव्हा आठ वाजले होते, खिडकीतून कोवळं ऊन खाटेवर आलेलं. भाऊसो उशीला टेकून बसले होते. तोंडाचा वाकडेपणा गेला होता. डॉक्टर रिपोर्ट उलटेपालटे करत, कधीकधी होतं असं, म्हणाले आणि हसून पुढच्या खाटेकडं गेले. चिमणाबाई पदर तोंडाला लावून रडत होती. पिराजीनं खाटेच्या पायथ्याशी बसकण मारली.

"आप्पा," मनालीनं त्यांचे पाय धरले. "नाव पुरं केलं. बगितलंसा?"

"बगितलं की. हितनंच." आवाज घोगरा होता, पण त्यांचाच होता. "सो झकास काढलास. काना बी सरळ."

"आणि रेघ तुमची."

"व्हय." त्यांनी उजवा हात चादरीतून बाहेर काढला. चार दिवस मेलेला हात. अंगठा आणि पहिलं बोट एकमेकांवर दाबलेलं होतं, दोरी धरताना धरतात तसं, आणि त्या दोन बोटांवर निळीचा गर्द पट्टा होता. चिमणाबाईनं पहाटेच ओल्या फडक्यानं अंग पुसलं होतं. तेव्हा तो नव्हता.

"तेल संपलं तुझं, ते कळलं मला," भाऊसो म्हणाले. "मग म्या दोरी धरली. आणि तिकडनं दोन हिसके आले. म्हटलं, पिराजी असंल. त्याच्याबिगार कोण असणार? एक हिसका दिला आणि सोडली."

पिराजी बसल्या जागी ताठ झाला. त्यानं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. "भाऊ," तो अगदी हळू म्हणाला, "माझ्या दोनी हातांत त्यो रेडिओ हुता..."

पलीकडच्या खाटेवर कुणीतरी खोकलं. खिडकीबाहेर, जिथं आता एकही अक्षर नव्हतं, तिथं ती पांढरी रेघ तशीच होती. सरळ, रिकामी. पुढचं नाव लिहिण्याआधी पाटीवर मारून ठेवतात तशी.

"आप्पा," मनाली म्हणाली, "बोटं सोडा आता."

"सोडतोय की मघापास्नं." भाऊसोंचा आवाज खाली गेला. "सुटंना झाल्यात. मनू... दोरी अजून ताणलेली हाय गं."

तिनं खिडकीकडं पाहिलं नाही. खाटेवर बसली, बापाचा तो हात दोन्ही हातांच्या मुठीत घेतला आणि घट्ट धरला. बोटं गार होती. टर्पेंटाइनचा शिळा वास आला, आणि मग तिच्या मुठीला, खिडकीच्या दिशेनं, लांबून कुणीतरी ओढावं तसे हलकेच दोन हिसके बसले.

मनालीनं मूठ आवळली. ‘तयार’ म्हणणारा उत्तराचा एक हिसका जाऊ नये म्हणून दात आवळून हात तसूभरही हालू दिला नाही. आई काय झालं म्हणून विचारत होती, तिला तिनं मानेनंच गप्प केलं. किती वेळ गेला कळलं नाही. ऊन खाटेवरून फरशीवर उतरलं.

मग पुन्हा दोन हिसके आले.